एकच तोल, तीन माल: क्लासांमधली सामाईक वागणूक रोलमध्ये कशी काढावी?

हळकुंड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) काढायचं सॉफ्टवेअर आहे, पीएचपी ८.२ वर. पायाला `सौदा` हा क्लास, त्याखाली `हळदसौदा`, `बेदाणासौदा`, `गूळसौदा`. दर हंगामात काहीतरी नवं येतं आणि आलेलं सगळं `सौदा`तच जाऊन बसतं. सध्याची अवस्था अशी:

तोल तिघांनाही लागतो, पण हळद पोत्यात, बेदाणा बॉक्समध्ये आणि गूळ रव्यांत (ढेपांत). बारदानाची (पोतं, खोकं अशा वेष्टनाच्या वजनाची) वजावट प्रत्येकाची वेगळी. हळदीचा भाव क्विंटलला, बेदाण्याचा किलोला. शीतगृहाचं भाडं फक्त बेदाण्याला लागतं, तरी `शीतगृहभाडे()` ही मेथड `सौदा`त आहे. हळद आणि गूळ तिच्यातून शून्य परत करतात. आता अहवालात "ज्यांना शीतगृह आहे असे सौदे" काढायचे म्हटलं की तिन्ही माल येतात, कारण मेथड तिघांकडेही आहे.

मधे एक `पोत्यातलासौदा` आणि एक `साठवणसौदा` असे क्लास घालून पाहिले. उद्या पोत्यातला मालही शीतगृहात गेला तर तो कोणाच्या पोटी घालायचा? दोन आईबाप पीएचपी देत नाही.

ट्रेट (पीएचपीतले रोल: कुठल्याही क्लासला लावता येणारा मेथडचा गठ्ठा) वापरावेत असं ठरतंय. नेमकं काय बाहेर काढायचं, कोणत्या क्रमाने, आणि दोन ट्रेटमध्ये एकाच नावाची मेथड आली तर काय होतं?

(कोडबद्दल: क्लास, मेथड, व्हेरिएबल यांची नावं पीएचपीत देवनागरीत चालतात. कीवर्ड रोमनमध्येच लागतात, इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिलेत.)

---

कृष्णाकाठ

दुखणं वारशाचं आहे. वारसा "हा कोण?" या प्रश्नाचं उत्तर देतो. तुम्ही त्याच्याकडून "याला काय काय येतं?" याचंही उत्तर मागताय. हळदसौदा हा सौदा आहे, हे खरं. पण "तोलता येणं" ही काही सौद्याची जात नाही. रिकाम्या बारदानाच्या परतीलाही तोल लागतो आणि तो सौदा नसतो.

रोल म्हणजे वागणुकीचं असं गाठोडं, ज्यात दोन याद्या असतात: मी काय देतो आणि मला काय लागतं. दुसरी यादी लोक विसरतात आणि मग ट्रेट म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट होतं. पीएचपीत ही दुसरी यादी ॲब्स्ट्रॅक्ट मेथडने लिहायची (इथे नुसतं नाव, आतला मजकूर क्लासने भरायचा):

    ट्रेट तोल {
        ॲब्स्ट्रॅक्ट प्रोटेक्टेड फंक्शन नग(): इंट;
        ॲब्स्ट्रॅक्ट प्रोटेक्टेड फंक्शन भरलेलं_वजन(): इंट; // ग्रॅम
        ॲब्स्ट्रॅक्ट प्रोटेक्टेड फंक्शन नगाचं_बारदान(): इंट; // ग्रॅम

        पब्लिक फंक्शन निव्वळ_वजन(): इंट {
            रिटर्न $धिस->भरलेलं_वजन()
                 - $धिस->नग() * $धिस->नगाचं_बारदान();
        }
    }

    ट्रेट भाव {
        ॲब्स्ट्रॅक्ट पब्लिक फंक्शन निव्वळ_वजन(): इंट;
        ॲब्स्ट्रॅक्ट प्रोटेक्टेड फंक्शन दर(): इंट; // पैसे
        ॲब्स्ट्रॅक्ट प्रोटेक्टेड फंक्शन भावाचं_एकक(): इंट; // ग्रॅम

        पब्लिक फंक्शन मालाची_किंमत(): इंट {
            रिटर्न इंटडिव्ह($धिस->निव्वळ_वजन() * $धिस->दर(),
                            $धिस->भावाचं_एकक());
        }
    }

`भाव`ला लागणारं `निव्वळ_वजन()` हे `तोल` पुरवतो. एका रोलची गरज दुसऱ्या रोलने भागवली तर चालतं. ॲब्स्ट्रॅक्ट आणि भरीव मेथड समोरासमोर आल्या की भरीव मेथड जागा घेते, ती टक्कर धरली जात नाही.

हळदसौद्यात `भावाचं_एकक()` १,००,००० ग्रॅम, बेदाण्यात १,०००. पडताळा घ्या. ४० पोती, भरलेलं वजन २,०८० किलो, पोत्यामागे बारदान १ किलो. निव्वळ २,०४० किलो. क्विंटलला १४,००० रुपये दराने २,८५,६०० रुपये. बेदाणा: १५ किलोचे १२० बॉक्स म्हणजे १,८०० किलो, किलोला १८० रुपये, ३,२४,००० रुपये. आकडे नमुन्याचे आहेत. पण बेदाण्याला चुकून क्विंटलचं एकक लागलं तर ३,२४० रुपये येतील, शंभरपट कमी. म्हणून एककाला डिफॉल्ट देऊ नका. ॲब्स्ट्रॅक्टच ठेवा, म्हणजे नवा माल आणणाऱ्याला ते लिहावंच लागेल.

वजन ग्रॅममध्ये आणि पैसा पैशात, दोन्ही पूर्णांक. गुणाकार आधी, भागाकार शेवटी. मधला आकडा मोठा होतो (वरच्या हळदीच्या उदाहरणात २ लाख ८५ हजार कोटींच्या पुढे), ६४ बिटच्या पीएचपीत तो आरामात मावतो.

आता अग्रक्रम पाठ करून ठेवा: क्लासची स्वतःची मेथड सगळ्यांत वर, मग ट्रेटची, मग वडील क्लासची. म्हणजे `सौदा`त जुनं `निव्वळ_वजन()` राहिलं तरी ट्रेटचं त्याला झाकतं. हे सोयीचंही आहे आणि घातकही. घातक अशासाठी, की जुनी मेथड काढायची राहते आणि ज्या क्लासला ट्रेट लावला नाही तिथे ती गुपचूप चालू राहते.

क्रम विचारलात, तर: आधी आजच्या पट्ट्यांचे आकडे टेस्टमध्ये गोठवा. मग एका वेळी एकच वागणूक ट्रेटमध्ये काढा. तो ट्रेट तिन्ही क्लासांना लावा, आणि त्यानंतर लगेच `सौदा`तली मूळ मेथड उडवा. शेवटची पायरी पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

---

मिरज_जंक्शन

जावातून येणाऱ्यांसाठी एक फरक, इथेच पाय घसरतो. जावा ८ पासून (२०१४) इंटरफेसमध्ये (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) डिफॉल्ट मेथड लिहिता येते आणि ती ट्रेटसारखी दिसते. पण तिथे वडील क्लासमधली मेथड इंटरफेसच्या डिफॉल्टवर मात करते. पीएचपीत बरोबर उलटं, ट्रेट वडिलांवर मात करतो. तोच आराखडा एका भाषेतून दुसरीकडे नेला तर कोड तसाच दिसेल आणि उत्तर वेगळं येईल.

शिवाय जावाच्या इंटरफेसला ऑब्जेक्टपुरती फील्ड ठेवता येत नाहीत. दोन इंटरफेसमध्ये सारखीच डिफॉल्ट आली तर कंपायलर अडवतो. क्लासने ती मेथड स्वतः लिहायची आणि आत `तोल.सुपर.वजावट()` असं म्हणून हवी ती बोलवायची.

---

हळकुंड

कृष्णाकाठ, फार उपयोग झाला. `तोल` आणि `भाव` लागले, आकडे जुळले. पण तिसऱ्या ट्रेटला अडलं. `तोल`मध्ये मी `वजावट()` घातली होती, बारदानाची. `पट्टीखर्च` नावाचा ट्रेट केला, त्यातही `वजावट()`, हमाली-तोलाईची. दोन्ही लावल्यावर फेटल एरर: ट्रेट मेथड लागू झाली नाही, दुसऱ्या ट्रेटमधल्या मेथडशी टक्कर. `इन्स्टेडऑफ`ने (दोनातली कोणती ठेवायची ते सांगणारा कीवर्ड) `तोल`ची ठेवली आणि `पट्टीखर्च`ची `ॲज`ने `खर्च_वजावट` केली. एरर गेली. पण देय रक्कम चुकीची येतेय, थोडीशीच.

---

संगमावरची

किती चुकतेय? हळदीची ४० पोती असतील तर खर्च म्हणून बरोबर ४०० रुपये वजा होत असणार.

---

हळकुंड

हो! ४०० च. ताई, कसं ओळखलंत?

---

संगमावरची

४० पोती, पोत्यामागे १,००० ग्रॅम बारदान, म्हणजे ४०,००० ग्रॅम. तुमचा `पट्टीखर्च` त्याला ४०,००० पैसे समजतोय. ४०० रुपये.

`ॲज` नाव बदलत नाही, जादा नाव देतं. `पट्टीखर्च`च्या आतल्या `देय_रक्कम()`मध्ये `$धिस->वजावट()` असं लिहिलेलं आहे, ते तसंच राहतं. ट्रेट क्लासमध्ये सपाट झाल्यावर (त्याच्या मेथड क्लासच्याच होऊन गेल्यावर) `$धिस->वजावट()` म्हणजे जी जिंकली ती, म्हणजे `तोल`ची. आपली मेथड टोपणनावाने शेजारी उभी आहे आणि तिला कोणी हाकच मारत नाही.

वाईट म्हणजे ४० पोत्यांना ४०० रुपये हमाली-तोलाई हा आकडा डोळ्याला खटकतही नाही. चाळीस हजार वजा झाले असते तर दुकानदारानेच फोन केला असता.

उपाय: `इन्स्टेडऑफ` काढून टाका आणि मुळात नावंच वेगळी करा, `बारदान_वजन()` आणि `खर्च_रक्कम()`. दोन मेथडचं नाव एक आणि अर्थ दोन असतील तर टक्कर सोडवायची नसते, नाव बदलायचं असतं. `इन्स्टेडऑफ` तेव्हाच, जेव्हा दोन्हींचा अर्थ एक आहे आणि फक्त करण्याची रीत वेगळी आहे. उदाहरणार्थ दोन्ही ट्रेट `पावती_मजकूर()` देतात, एक लांब आणि एक आखूड.

आणि हो, प्रायव्हेट मेथडही टकरावतात. ट्रेटच्या आतली प्रायव्हेट ही ट्रेटची खासगी नसते, सपाट झाल्यावर ती क्लासची खासगी होते. `मोजा()`, `तपासा()` असली उघडीबोडकी नावं ट्रेटमध्ये ठेवू नका.

---

कृष्णाकाठ

संगमावरची, +१. आणि यातच रोल आणि मिक्सिन (क्लासात कालवायचं वागणुकीचं गाठोडं, पण टक्कर न सांगणारं) यांच्यातला खरा फरक दिसतो. हेच रूबीत केलं असतं, दोन मॉड्यूल `इन्क्लूड` करून, तर फेटल एरर आलीच नसती. शेवटी इन्क्लूड केलेलं मॉड्यूल पूर्वजांच्या ओळीत आधी लागतं आणि त्याची मेथड गुपचूप जिंकते. दोन ओळींची अदलाबदल केली की हिशेब बदलतो. पायथॉनच्या बहुवारशातही तेच. कंसात आधी लिहिलेला क्लास आधी शोधला जातो, बाकीची ओळ सी-३ पद्धतीने ठरते (पायथॉन २.३ पासून). शिस्त चांगली आहे, पण टक्कर झाली हे कोणी सांगत नाही.

थोडा इतिहास, कारण नावांचा गोंधळ तिथूनच आहे. मिक्सिन हा शब्द एमआयटीतल्या फ्लेवर्स या लिस्पवरच्या प्रणालीतून आला. जवळच्या सॉमरव्हिल गावात एक आइस्क्रीमवाला साध्या आइस्क्रीममध्ये गिऱ्हाईक म्हणेल तो सुकामेवा कालवून द्यायचा, त्यावरून ते नाव. पुढे २००३ साली शेर्ली, दुकास, निअरस्ट्राझ आणि ब्लॅक यांनी ट्रेटवरचा निबंध मांडला आणि ते स्क्वीक स्मॉलटॉकमध्ये करून दाखवलं. त्यांचा मुद्दा हाच होता की एकत्र करण्याचा क्रम महत्त्वाचा असू नये आणि टक्कर झाली तर ती क्लास लिहिणाऱ्याने उघडपणे सोडवावी. त्यांचे मूळ ट्रेट स्वतःची स्थिती ठेवत नसत. पर्ल ६, म्हणजे आताची राकू, आणि पर्ल ५ मधला मूस (क्लास लिहिण्यासाठीचं मॉड्यूल) यांनी हीच कल्पना "रोल" या नावाने घेतली आणि त्यात ॲट्रिब्यूटही घातले. पीएचपीने ५.४ मध्ये (२०१२) "ट्रेट" हे नाव ठेवलं. रस्टमधला ट्रेट मात्र वेगळ्या घरचा आहे. तिथे क्लासच नाहीत आणि मेथड सपाट होऊन कोणाच्या अंगात जात नाही. नाव सारखं म्हणून फसू नका.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. मूसचा विषय निघालाच आहे तर त्यातले चार खड्डे सांगून ठेवतो, पर्लवाले वाचत असतील तर.

एक: रोल लावताना `विथ 'तोल', 'पट्टीखर्च';` हे एका ओळीत लिहा. दोन स्वतंत्र `विथ` लिहिलेत तर टक्कर सापडतच नाही. पहिल्या `विथ`नंतर `तोल`च्या मेथड क्लासच्या स्वतःच्या झाल्या. दुसऱ्या `विथ`ला वाटतं की क्लासने मुद्दाम आपली मेथड लिहिलीय, तो मुकाट्याने बाजूला होतो. रोलची सगळी पुण्याई या एका सवयीने जाते आणि आपण परत रूबीच्या घाटात. फक्त इथे जिंकतो तो आधीचा.

दोन: रोलमध्ये `रिक्वायर्स 'दर'` असेल आणि क्लासमध्ये `दर` हा `हॅज`ने केलेला ॲट्रिब्यूट असेल, तर `हॅज` आधी आणि `विथ` नंतर. साध्या `सब` कंपाइल होतानाच तयार होतात, त्यांना क्रम लागत नाही. `हॅज` मात्र धावताना चालतं. `विथ` वर लिहिलं तर "दर सापडत नाही" म्हणून मरतं, आणि माणूस अर्धा तास स्पेलिंग तपासत बसतो.

तीन: रोलच्या मेथडमध्ये `सुपर::` लिहू नका. पर्लमध्ये `सुपर` कुठे शोधायचं हे सब ज्या पॅकेजमध्ये कंपाइल झाली त्यावरून ठरतं, म्हणजे रोलच्या पॅकेजवरून. रोलला कुठले आईबाप? तिथे `अराउंड` (मूळ मेथडभोवती गुंडाळला जाणारा कोड) वापरा. `बिफोर`, `आफ्टर`, `अराउंड` हे मॉडिफायर टकरावत नाहीत, दोन रोलचे एकावर एक चढतात. म्हणूनच तिथे क्रम परत महत्त्वाचा होतो. नंतर लागलेला `अराउंड` बाहेरचा थर होतो. नोंदवही लिहिणारा आणि रक्कम पूर्णांकात आणणारा, असे दोन `अराउंड` असतील तर नोंद कोणत्या रकमेची पडते हे त्यावर ठरतं.

चार: ॲट्रिब्यूटची टक्कर. मेथडला `-एक्सक्लूड्स` आणि `-एलियास` आहेत, दोन रोलमधल्या सारख्या ॲट्रिब्यूटला तसा मार्ग नाही, सरळ मरतं. आणि `-एलियास`चं दुखणं वर ताईंनी सांगितलं तेच.

---

मिरज_जंक्शन

पहिला खड्डा भारी आहे राव. बरं, तिसऱ्याबद्दल एक: पीएचपीत ट्रेटमधलं `पेरेंट::` चालतं. ट्रेट ज्या क्लासला लावला त्याच्या वडिलांकडे जातं. `सेल्फ` आणि `__क्लास__` सुद्धा लावणाऱ्या क्लासचेच. पण `पेरेंट::` लिहिलं म्हणजे ट्रेटला वडिलांकडून काहीतरी हवंय, आणि ते ॲब्स्ट्रॅक्टच्या यादीत दिसत नाही. छुपी उसनवारी. शक्यतो टाळावं.

---

हळकुंड

नावं बदलली, ४०० रुपये सापडले. आता दोन गोष्टी. अहवालात `इन्स्टन्सऑफ तोल` (हे ऑब्जेक्ट त्या टाइपचं आहे का, ही तपासणी) केलं तर नेहमी खोटं येतं. आणि पट्टी क्रमांक ट्रेटमध्ये स्टॅटिक (सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच) ठेवला होता, तर हळदीची पट्टी क्रमांक १ आणि बेदाण्याचीही क्रमांक १ निघाली.

---

संगमावरची

पहिलं: पीएचपीत ट्रेट हा टाइप नाही. सपाट झाल्यावर त्याचा मागमूस टाइपमध्ये राहत नाही. `क्लास_यूझेस()` आहे, पण ते फक्त त्याच क्लासने थेट लावलेले ट्रेट सांगतं. वडिलांनी लावलेले किंवा ट्रेटच्या आत लावलेले ट्रेट त्यात येत नाहीत. अहवालाला त्याच्या नादी लावू नका. जोडी करा: `तोलण्याजोगा` नावाचा इंटरफेस, त्यात `निव्वळ_वजन()`, आणि `तोल` हा ट्रेट. क्लास लिहिताना दोन्ही लावायचे:

    क्लास हळदसौदा एक्स्टेंड्स सौदा इम्प्लिमेंट्स तोलण्याजोगा {
        यूज तोल, भाव, पट्टीखर्च;
        ...
    }

अहवाल `इन्स्टन्सऑफ तोलण्याजोगा` विचारेल. ज्याला स्वतःचा निराळा तोल लिहायचाय तो ट्रेट न लावता नुसता इंटरफेस पाळेल, अहवालाला फरक पडणार नाही. राकूत आणि मूसमध्ये हा दुहेरी उद्योग लागत नाही, तिथे रोल स्वतःच विचारता येतो, "`डझ` तोल का?"

दुसरं: ट्रेटमधली स्टॅटिक प्रॉपर्टी प्रत्येक लावणाऱ्या क्लासला स्वतंत्र मिळते. ट्रेट एक, डबे तीन. आणि खरं तर पट्टी क्रमांक स्टॅटिकमध्ये ठेवायचाच नसतो. वेब सर्व्हरवर विनंती संपली की स्टॅटिक पुसलं जातं. क्रमांक डेटाबेसकडून घ्या, `पट्टी_क्रमांक`च्या तक्त्यातून, युनिक निर्बंधासह.

साध्या प्रॉपर्टीबद्दलही ऐका. ट्रेटमध्ये आणि क्लासमध्ये एकाच नावाची प्रॉपर्टी असली तर दृश्यता, टाइप आणि सुरुवातीची किंमत तंतोतंत एक हवी, नाहीतर फेटल. दोन ट्रेटमध्येही तेच. आणि तंतोतंत एक असली तर आणखी वाईट, दोघे एकाच डब्यात हात घालतात आणि कोणी बोलत नाही.

---

भडंग_स्पेशल

सगळं वाचलं. एक वाकडा प्रश्न टाकतो. शीतगृहाचं काय ठरलं? कारण धागा तिथून सुरू झाला होता आणि सगळे तोलातच अडकले.

---

हळकुंड

ते ठरलं की भावा. `शीतगृह` नावाचा ट्रेट: प्रॉपर्टी `आत_तारीख`, `बाहेर_तारीख`, `बॉक्स`, मेथड `भाडे()`. फक्त बेदाण्याला लावला.

---

भडंग_स्पेशल

तिथेच चुकतंय. शेतकऱ्याने १२० बॉक्स ठेवले. पंधरा दिवसांनी ७० विकले, ५० आतच. महिन्याने आणखी ३० उचलले. आता `बाहेर_तारीख` कोणती?

तीन प्रॉपर्टी ट्रेटमध्ये घातल्या म्हणजे एका सौद्याला एकच साठवण असं गृहीत धरलं. साठवणीला स्वतःचा जन्म आहे, स्वतःचा शेवट आहे, आणि ती सौद्याआधी सुरू होते. बेदाणा आधी आत जातो, सौदा नंतर होतो. ज्याला स्वतःचं आयुष्य आहे ते रोल नाही, ते वेगळं ऑब्जेक्ट आहे. `साठवणनोंद` नावाचा क्लास करा. उचल झाली की नोंद फुटते: ७० ची बंद, ५० ची चालू.

माझी कसोटी साधी आहे. ट्रेटमध्ये स्वतःच्या प्रॉपर्टी दोनाहून जास्त झाल्या की थांबून विचारायचं, हा रोल आहे की वेश बदलून आलेला क्लास? आणि वागणूक धावता धावता बदलायची असेल तरीही रोल नको. समजा उद्या भाड्याचा दर काहींना बॉक्समागे महिन्याला आणि काहींना हंगामाला ठोक असा ठेवावा लागला, तर ती `भाडेपद्धत` बाहेरून आत द्या. लावलेला ट्रेट काढता येत नाही.

---

कृष्णाकाठ

भडंग, मान्य. पण रोल पूर्ण फेकू नका. नोंदी वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये, बेरीज रोलमध्ये:

    ट्रेट साठवण {
        /** साठवणनोंदींची यादी */
        ॲब्स्ट्रॅक्ट पब्लिक फंक्शन साठवणनोंदी(): ॲरे;

        पब्लिक फंक्शन साठवण_भाडे(): इंट {
            $एकूण = ०;
            फॉरईच ($धिस->साठवणनोंदी() ॲज $नोंद) {
                $एकूण += $नोंद->भाडे();
            }
            रिटर्न $एकूण;
        }
    }

आता ट्रेटमध्ये एकही प्रॉपर्टी नाही. हळद हरिपूरच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) ठेवायची वेळ आली तरी `हळदसौदा`ला हाच ट्रेट लागेल, नोंद फक्त पेवाची असेल. शीतगृह हा शब्द ट्रेटच्या नावातून गेला, ते बरं झालं. आणि शून्य परत करणाऱ्या त्या दोन मेथड आता कोणाकडेच नाहीत.

(कोड खरा टाकताना आकडे १, २, ३ असे देवनागरीत चालत नाहीत, ते नेहमीचेच लिहा. वरचं शून्य वाचण्यापुरतं.)

---

भडंग_स्पेशल

हां, हे जमलं. एवढा पातळ ट्रेट असेल तर माझी तक्रार नाही.

---

अजिंक्यतारा

टेस्टचं कोणी बोललं नाही. प्रत्येक ट्रेट तिन्ही क्लासांतून पुन्हा पुन्हा तपासू नका. पीएचपीत निनावी क्लास करून त्याला एकच ट्रेट लावा आणि ॲब्स्ट्रॅक्ट मेथड ठोकळ आकड्यांनी भरा: नग ३, भरलेलं वजन १,०३,००० ग्रॅम, बारदान १,००० ग्रॅम, उत्तर १,००,०००. ट्रेट एकटा उभा राहतो की नाही हे इथे कळतं. राहिला नाही तर यादीत नसलेलं काहीतरी तो चोरून वापरतोय. कुठली तरी प्रॉपर्टी, नाहीतर `सौदा`तली मेथड.

आणि निनावी क्लासात आठ-दहा ॲब्स्ट्रॅक्ट मेथड भरायला लागल्या तर ट्रेट नीट कापलेला नाही. `तोल`ला तीन आहेत, `भाव`ला तीन. एवढं ठीक.

मालाच्या क्लासची टेस्ट मग छोटी राहते: एकक बरोबर आहे का, बारदान बरोबर आहे का, आणि एक पूर्ण पट्टी.

राकूत हे आणखी सोपं. ज्या रोलला काही लागत नाही त्याला थेट `न्यू` म्हणता येतं, भाषा स्वतःच त्याचा क्लास करून देते. तिथे रोलला पॅरामीटरही देता येतो, म्हणजे `भाव[१०००००]` आणि `भाव[१०००]`, एककाची मेथड लिहायलाच नको. आणि चालू ऑब्जेक्टला `बट`ने रोल चिकटवता येतो. मूळ ऑब्जेक्ट तसाच राहतो, रोल लागलेली प्रत मिळते. पीएचपीत यातलं काही नाही, हे नुसतं जीभ खवळवायला.

---

हळकुंड

सगळं लागलं. `सौदा`त आता शेतकरी, खरेदीदार, तारीख आणि पट्टी क्रमांक एवढंच उरलंय. तीन टेस्ट लाल आहेत, त्या बारदानाच्या. गुळाच्या रव्याला बारदान शून्य धरायचं की कापडाचं वजन घ्यायचं हे दुकानात विचारून सांगतो.

एक शेवटचं. दुकानाचा जुना सर्व्हर पीएचपी ७.४ वर आहे. तिथे हे चालेल?

---

संगमावरची

वर लिहिलेलं चालेल, पण राखण कमी होईल. ट्रेटमधल्या ॲब्स्ट्रॅक्ट मेथडची सही, म्हणजे पॅरामीटर आणि परतीचा टाइप, पीएचपी ८.० पासून काटेकोर तपासली जाते. त्याआधी ढिलाई होती. `दर(): इंट` मागितलं आणि क्लासने `दर(): फ्लोट` दिलं तर ७.४ वर ते निसटू शकतं, आणि पैशांत अपूर्णांक शिरतात. ॲब्स्ट्रॅक्ट प्रायव्हेट मेथडही ८.० पासूनच.

ट्रेटमध्ये कॉन्स्टंट ठेवले असतील (एककं तिथे ठेवायचा मोह होतो) तर ते ८.२ पासूनच चालतात, ७.४ वर फाइल कंपाइलच होणार नाही. ती एककं इंटरफेसमध्ये हलवा, तिथे कॉन्स्टंट जुन्या पीएचपीतही चालतात. आणि गुळाच्या रव्याचं विचाराल तेव्हा कडत्याचंही (वजनातून कापायच्या सुटीचंही) विचारून घ्या. तो बारदानात धरायचा की वेगळा, हे ठरल्याशिवाय त्या तीन टेस्ट हिरव्या करू नका.